मोजपट्टीची तिसरी वही

माझ्या भावजयीला आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात सगळे मोजपट्टी म्हणतात. नाव मीच ठेवलं. ती कामाला आली त्या पहिल्या दिवशी मी तिला फर्मे शिवायला बसवलं. छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानांचा जुडगा होतो, त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक शिवले की पुस्तकाचं अंग तयार होतं. भोकं कुठे पाडायची ते माझ्या हाताला बावीस वर्षांच्या सवयीने कळतं. हिने पिशवीतून स्टीलची पट्टी काढली आणि एकेक भोक मोजून पाडलं. मी म्हटलं, "अगं, पुस्तक शिवतेस की पूल बांधतेस?" ती हसलीसुद्धा नाही. पट्टी पुसली आणि परत पिशवीत ठेवली. लग्नाआधी कापडाच्या दुकानात मीटरने कापड मोजायची, तिथली सवय. तिने शिवलेलं पुस्तक मात्र कुठेही उघडा, सपाट पडतं. हे मी तिच्या तोंडावर कधी बोलले नाही.

मी तिची थोरली नणंद. माझं लग्न झालं नाही. का ते विचारू नका, मलाच कुणी नीट सांगितलेलं नाही. माझ्या तोंडाच्या पट्ट्यामुळे, असं लोक म्हणतात. असेल. धाकटा भाऊ लिफ्टची दुरुस्ती करतो. दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत वरखाली करतो आणि घरी आला की आडवा होतो. आम्ही तिघं दोन खोल्यांत राहतो, मध्ये प्लायवूडची भिंत. तिच्यातून शिंकसुद्धा लपत नाही.

माझा एक स्वभाव आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर मला दोष द्यायला सोपं जाईल. मला काही वाया गेलेलं बघवत नाही. दोऱ्याचं टोक असो, कागदाची कात्रण असो नाहीतर बादलीतलं पाणी असो. एकदा कपाट आवरताना भावजयीच्या कपड्यांखाली दोन वह्या सापडल्या. कात्रणांच्या कागदाच्या, तिनेच शिवलेल्या, छान सरळ टाक्यांच्या. उघडून बघते तर पुढची काही पानं लिहिलेली, "सकाळी ६-१०, दोनदा. ६-४०, एकदा," असलं काहीबाही, आणि बाकी कोरी. मला वाटलं, बसच्या वेळा लिहिल्यात. मी लागलीच झापलं, "एवढा कागद कोरा ठेवून दिलास? कारखान्यात काम करणारी बाई ना तू? फाडून दे ती पानं, चिठ्ठ्यांना होतील." तिने वह्या माझ्या हातातून घेतल्या, कपड्यांखाली परत ठेवल्या आणि कपाटाचं दार लावलं. मी म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

तर त्या वर्षी थंडी सरता सरता एका सकाळी सहाला न्हाणीतला नळ सुरू झाला तो बंदच होईना. मी अंथरुणातूनच ओरडले, "नदी लागलीय का घरात?" नळ बंद झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी रागारागाने उठून दारावर थाप मारणार, तेवढ्यात पाण्याच्या आवाजाखालचा दुसरा आवाज ऐकू आला. कोरडे उमासे. नळ त्याच्यासाठी सोडला होता, मला ऐकू जाऊ नये म्हणून.

ती बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. मी टॉवेल पुढे केला आणि विचारलं, "किती दिवस झाले?"

"सहा आठवडे, चार दिवस," ती म्हणाली. मोजपट्टीच ती.

आनंद झाला नाही असं नाही, पण आधी भीती. कारण याआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा झाला नव्हता. वर दोन्ही वेळा मी शेजारीपाजारी, कारखान्यात, सगळीकडे आधीच सांगून मोकळी झाले होते, आणि नंतर एकेकाचं "अरेरे" तिला उभ्याउभ्या ऐकून घ्यावं लागलं होतं. म्हणून या खेपेला तिने माझं मनगट धरलं. "ताई, कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. कारखान्यात तर नाहीच. तीन महिने होऊ देत." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी कानाला खडा लावला.

सकाळची मळमळ म्हणतात, पण सकाळ नावाला. हिची सकाळी सगळ्यांत जोरात यायची, आणि मग दुपारी, संध्याकाळी पुन्हा डोकावून जायची. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई मोजकं बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "रात्रभर पोट रिकामं असतं, म्हणून सकाळी जास्त. उशाशी कोरडी बिस्किटं ठेवा. जाग आली की पडल्या पडल्या दोन खा, पंधरा मिनिटं तशाच पडून राहा आणि मग सावकाश उठा. दिवसभर पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं, पाणी घोट घोट प्यायचं. आल्याने बरं वाटत असेल तर आलं चघळा. मात्र पाणीसुद्धा पोटात ठरेनासं झालं, लघवी कमी किंवा गडद झाली, चक्कर आली, वजन उतरलं, तर घरी बसून सोसायचं नाही. त्याच दिवशी यायचं."

बिस्किटांचं खातं भावाने घेतलं. पावणेसहाचा गजर लावायचा, डोळे न उघडता डब्यात हात घालायचा, तिच्या हातात दोन बिस्किटं ठेवायची आणि पुन्हा घोरायला लागायचं. एक दिवस झोपेत त्याने ती स्वतःच खाल्ली. मी भिंतीपलीकडून ऐकलं, "अहो, माझी होती ना ती!" आणि नंतर दोघं हसत होती. त्या महिन्यात ती हसलेली मी तेवढीच ऐकली.

आणि तिने वही केली. अठ्ठेचाळीस पानांची, हातभर दोरा आणि माझ्या डोळ्यांदेखत गोळा केलेली कात्रणं. एका दिवसाला एक पान. किती वाजता मळमळलं, किती वेळा, आधी काय खाल्लं होतं, कशाचा वास आला. जुन्या दोन वह्या तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आल्या नाहीत. मी म्हटलं, चला, हिची पट्टी आता पोटाला लागली. पण आठवड्याभराने तिने मला वाचून दाखवलं तेव्हा मीही गप्प बसून ऐकलं, कारण आता त्यात काही अर्थ दिसत होता. रिकाम्या पोटी उठलं की हमखास. बसमध्ये मागच्या बाजूला उभं राहिलं की हमखास, पुढे खिडकीशी बसायला मिळालं तर नाही. भावाचा दाढीचा साबण, दोन फुल्या.

"आणि?" मी विचारलं, कारण ती थांबली होती.

"आणि तुमच्या डोक्याचं तेल. तीन फुल्या."

वीस वर्षं मी तेच तेल लावते! म्हणजे लावत होते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही, आणि संध्याकाळी बाटली शेजारणीला देऊन आले. फेकवली नसतीच माझ्याने.

पण चार फुल्या एकाच गोष्टीला होत्या, ती म्हणजे सरस. हा सरस हाडांचा आणि कातड्याचा असतो, पाण्यात भिजवून गरम करायचा, मग पुस्तकाच्या पाठीला लावायचा. त्याचा वास कसा असतो ते ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. आमचे मालक रोज सकाळी आठला कारखान्याच्या ऐन मध्यावर शेगडी पेटवून तो स्वतः करतात. पाण्याच्या भांड्यात सरसाचं भांडं, हातात लाकडी पळी. त्यांचे वडील असंच करायचे. कुणी डब्यातल्या पांढऱ्या गोंदाचं नाव काढलं की म्हणतात, "त्याने पुस्तक चिकटतं, टिकत नाही." त्यांच्या पुस्तकांची पाठ पन्नास वर्षं हलत नाही हे खरंच, त्यामुळे वाद कुणी घालत नाही.

आठ वाजून दहा मिनिटं झाली की मोजपट्टी उठायची, "दोरा आणते" म्हणून मागच्या अंगणात जायची. तिथून आली की पंधरा मिनिटांनी पुन्हा दोरा. मालकांनी एकदा विचारलंच, "आपण दोऱ्याने शिवतो की दोरा खातो?" रुमालात लिंबाची साल बांधून ती नाकाशी धरायची, दोन टाके घालायची, पुन्हा साल. शेगडी हलवा असं मालकांना सांग म्हटलं, तर म्हणाली, "का म्हणून विचारतील." तिचं वजन ठीक होतं, पाणी पोटात राहत होतं, डॉक्टरबाईंना काळजी वाटत नव्हती. पण चेहरा पाहवत नव्हता. असले दोन महिने माणसाने काढायचे म्हणजे काय! मी मळमळीवरच डूख धरून बसले. या पीडेला घालवल्याशिवाय राहायची नाही, असं मनाशी ठरवलं.

बारावा आठवडा सरत आला त्या शनिवारी मी मालकांसमोर जाऊन उभी राहिले. "शेगडी मागच्या शेडमध्ये न्या. वासाने माझ्या पोटात ढवळतं."

मालकांनी चष्मा कपाळावर सारला. "तुझ्या? बावीस वर्षं या शेगडीशेजारी बसून डबा खाल्लास."

"आता सोसत नाही. रोज सकाळी मळमळतं."

कटिंग मशीनवरच्या काकांनी मशीन बंद केलं. "रोज सकाळी? काय ताई, गोड बातमी आहे की काय?"

अख्खा कारखाना खदखदून हसला. एक्कावन्नाव्या वर्षी माझी ही शोभा! मोजपट्टीची मान फर्म्यात गेली होती, पण कान लाल झालेले मला दिसत होते. मी म्हटलं, "हसा, हसा. झालं की आधी तुमच्याच मांडीवर देते, मग कळेल." मालक काही बोलले नाहीत. रविवारी स्वतः येऊन शेगडी शेडमध्ये नेली, भांडी नेली, पळीसाठी खिळासुद्धा ठोकला. सोमवारी आम्ही गेलो तर कारखान्यात नुसता कोऱ्या कागदाचा वास.

मी सकाळपासून खुशीत होते. दहा वाजले तरी मोजपट्टी जागची उठली नव्हती. लिंबाची साल पिशवीतच. अकरा वाजले. मी कोपराने ढोसून म्हटलं, "बघितलंस? मी हात घातला की काम फत्ते."

तिने माझ्याकडे पाहिलं. सुई तिच्या बोटात गेली होती आणि तिला पत्ता नव्हता. फर्म्यावर रक्ताचा ठिपका. बावीस वर्षांत मी तिच्याइतका स्वच्छ हात पाहिलेला नाही.

"ताई, सकाळी घरीही झालं नाही. काल संध्याकाळपासून काहीच नाही."

"मग बरंच आहे की!"

"बरं नाही, ताई." आवाज इतका हळू की मला पुढे वाकावं लागलं. "पहिल्या वहीतही असंच एका दिवसात थांबलं होतं. एकोणिसाव्या पानाला. दुसऱ्या वहीत एकतिसाव्या. आणि मग दोनच दिवसांनी…"

पुढचं ऐकायची मला गरज नव्हती. पहिल्या वहीत. दुसऱ्या वहीत. त्या बसच्या वेळा नव्हत्या. ती कोरी पानं कोरी का होती ते मला त्या क्षणी कळलं, आणि फाडून दे, चिठ्ठ्यांना होतील, हे कुणाच्या तोंडून गेलं होतं तेही आठवलं. जी मळमळ मी दीड महिना शिव्या घालून हाकलत होते, तिच्या भरवशावर ही पोरगी रोज सकाळी उठत होती. उमासा आला की हिला आत कुणीतरी आहे असं वाटायचं. आणि आज मी फुशारकी मारत होते, गेली म्हणून!

मी उठले. मालकांना म्हटलं, "आम्ही दवाखान्यात जातो." मालक म्हणाले, "फार ढवळतंय का तुला?" मी म्हटलं, "हो." खोटं नव्हतं ते.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. मी भावाला फोन लावला, तो कुठल्या तरी अकराव्या मजल्यावर होता. तिचा हात माझ्या हातात होता, बोटाला माझा रुमाल गुंडाळलेला. बोलण्यासारखं मला काही सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं, वही उलटून बघितली, एक-दोन पानांवर जरा थांबल्याही. "कुठे दुखतंय? रक्त जातंय?" नाही. "तेरावा आठवडा लागत आलाय. या सुमारास पुष्कळजणींची मळमळ कमी होते. काहींची हळूहळू, काहींची एकाएकी. वास गेला, त्याचाही फायदा. मळमळ थांबली म्हणजे बाळ थांबलं असं नसतं, आणि मळमळतंय म्हणजे सगळं ठीकच असंही नसतं. ती मोजून बाळ मोजता येत नाही. पण तुम्ही घाबरून आलात ते चूक नाही. या, बघू."

मला त्यांनी आत येऊ दिलं. खोलीत अर्धा अंधार, एक पडदा, त्यावर करडं काहीतरी हलत होतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. डॉक्टरबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. तो वेळ किती होता मला सांगता येणार नाही. मोजपट्टीने मोजला असेल. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि खोलीत आवाज भरला. टपटप टपटप, भराभर, थांबायचं नावच नाही.

"हे घ्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पळतंय."

मी भिंतीला टेकले आणि रडले. सरळ भोकाड पसरलं. ती रडली नाही. छताकडे बघत पडून होती, आणि खूप वेळाने तिने विचारलं, "मिनिटाला किती?"

"एकशे चोपन्न."

"ताई, वही द्या ना." पडल्या पडल्या तिने लिहिलं. नंतर मी वाचलं: "मळमळ नाही. ठोके १५४."

दारात भाऊ उभा होता, हाताला ग्रीस तसंच. त्याला आवाज ऐकू आला होता.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना खरं काय ते सांगितलं. आता सांगायला हरकत नाही, असं तीच म्हणाली. मालकांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "तरीच. तुझ्या पोटाला काही होणार नाही हे मला ठाऊक होतं." मग शेडमध्ये जाऊन सरस ढवळायला लागले. म्हणजे शनिवारी ते गप्प राहिले ते उगाच नव्हतं. शेगडी अजून तिथेच आहे.

तिसरी वही अठ्ठेचाळिसाव्या पानाला संपली. मी तिला पुढे फर्मे जोडून देत गेले, एक संपला की दुसरा. मळमळ कधीमधी येऊन जायची, तेही तिने लिहिलं. नंतर बाळाच्या लाथा, लाथांच्या वेळा. शेवटी वही एवढी फुगली की दोरा ताणायला लागला.

मुलगी झाली. तीन महिन्यांची झाली तेव्हा मोजपट्टी तिला घेऊन कारखान्यात आली. मालकांनी कात्रणांची टोपली रिकामी करून, पुसून, तिच्यासाठी मऊ कापड घातलं. मोजपट्टीने पिशवीतून तिन्ही वह्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. म्हणाली, "ताई, एकत्र बांधून द्या."

मालक आतून कातड्याचा तुकडा घेऊन आले, वडिलांच्या वेळचा, कुणाला हात लावू देत नाहीत तो. मी जुने टाके उसवायला लागले तशी त्यांनी पानं चाळली. "मधे बरीच कोरी आहेत. काढून टाक, उगाच जाडी वाढेल."

"हात लावायचा नाही त्यांना," मी म्हटलं.

मालक माझ्याकडे बघतच राहिले. बावीस वर्षं कोरा कागद दिसला की काढून दे, कामाला येईल, हेच त्यांनी माझ्या तोंडून ऐकलं होतं. मी तिच्या पिशवीतून तिची स्टीलची पट्टी मागून घेतली आणि एकेक भोक मोजून पाडलं. कोरी पानं मोजली. पहिल्या वहीत एकोणतीस, दुसरीत सतरा. सगळी शिवली.

पाठीचा सरस वाळल्यावर पुस्तक तिच्या हातात दिलं. टोपलीशेजारी खाली बसून तिने ते मांडीवर उघडलं, आणि ते सपाट पडलं. ती घाई न करता एकेक पान उलटत गेली, लिहिलेली आणि कोरीही. एकही वगळलं नाही. तिसऱ्या वहीचं पहिलं पान आलं तेव्हा थांबली, पोरीकडे वाकली आणि वाचून दाखवलं, "सकाळी सहा वाजून दहा मिनिटं, दोनदा."